बाळंतिणीचं उघडं ताट

आत्ती, तुमच्या घरात आता बाळंतीण स्वयंपाकघराच्या मधोमध बसून सगळ्यांच्या देखत जेवते. ताटावर ताट उपडं घातलेलं नसतं, दार ओढलेलं नसतं. माझ्या धाकट्याच्या बायकोला मुलगा झाला, तिला दवाखान्यातून घरी येऊन आठवडा झाला. आज दुपारी ती भाकरी मोडत असताना गल्लीतल्या तिघीजणी बाळ बघायला आल्या. बाळ राहिलं बाजूला, तिघीही तिच्या ताटाकडंच बघत उभ्या. मी म्हटलं, "बसा की. तुम्हालाबी वाढू काय?" तर त्यातली एक म्हणते, "अवो काकी, बाळंतिणीचं ताट असं उघडं?" मी म्हटलं, "उघडं हाय म्हणूनच ती जेवली का न्हाय ते दिसतंय." बाळाच्या हातात कायतरी ठेवून निघून गेल्या. तुम्ही असता तर त्यांच्याआधी माझ्या पाठीत सासूचं लाटणं बसलं असतं. तुम्ही जाऊन वीस वर्षं होऊन गेली. मी तिसरीत शाळा सुटलेली बाई, जोडाक्षर आलं की अजून हात अडखळतो. तुम्हाला तर वाचताच येत नव्हतं. तरीपण त्या तिघी गेल्यावर वाटलं, हे सगळं एकदा तुम्हाला सांगून टाकावं, कारण मोडला तो नियम तुमचा होता.

तुमचा नियम मला पाठ आहे. माझी आई मी परकरात असतानाच गेली, म्हणून माझी तिन्ही बाळंतपणं सासरीच झाली, तुमच्या हातची. बाळंतिणीचं जेवण झाकून न्यायचं. मागच्या खोलीत ठेवायचं. दार ओढून घ्यायचं. तिचं जेवण होईपर्यंत दुसऱ्या कुणाची नजर त्या ताटावर पडता कामा नये, कारण जेवणावर डोळा पडला की दूध आटतं. पाणी बेतानं, नाहीतर पोट सुटतं. कंबरेला जुन्या लुगड्याची पट्टी. सकाळी डिंकाचा लाडू, दुपारी तुपाची धार धरलेला गुरगुट्या भात, संध्याकाळी अळिवाची खीर. तुम्ही हे कुणाला समजावून सांगत बसला नाही. पाटी पुसून पाढा लिहावा तसं केलंत, आणि मी ते तसंच उचललं. माझ्या लेकीचं बाळंतपण आलं तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं, आपल्या कसबा बावड्यात शेतं जाऊन प्लॉट पडायला लागले होते, साखर कारखान्याच्या वाटेवर ब्युटी पार्लरची पाटीसुद्धा लागली होती. पण माझ्या मागच्या खोलीत तुमचंच राज्य होतं.

लेक म्हणजे तुमची थोरली नात. तुम्ही जिला काटकी म्हणायचा. "हिच्या कमरंला दगूड बांधा, न्हायतर वाऱ्यानं जाईल कारखान्याच्या चिमणीवर," असं म्हणायचा. ती काटकी शाहूपुरीत दिली, दुकानाच्या माडीवर राहणाऱ्या घरात. दिवस राहिले तसं तिकडं सासूनं तिला बसवून खाऊ घातलं, इकडं मी खाऊ घातलं, आणि काटकीचा ओंडका झाला. पोरगी झाली तेव्हा लेकीच्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. मला त्याचं काही वाटलं नव्हतं. बाळंतीण अंगानं भरलेली बरी, असंच तुम्ही शिकवलेलं.

बारशाला तिच्या सासरची माणसं आली. नणंदेचं लग्न ठरलेलं होतं, ती नव्या नवरीच्या तोऱ्यात. पाळण्याभोवती बायका दाटलेल्या, मी दोरी धरून उभी, आणि ती नणंद हसत हसत म्हणते, "वैनी, माहेरच्या गोठ्यात आणखी एक म्हैस वाढली वाटतं. माझ्या लग्नात मांडव जरा रुंद घालाया सांगते." बायका फिदीफिदी हसल्या. विहीणबाईंनी आपल्या लेकीला दटावलं नाही, त्या पेढे वाटण्यात गुंतल्या. बारशात भांडण नको म्हणून मी ते गिळलं. माझ्या लेकीनंही गिळलं असं मला वाटलं. प्रत्यक्षात त्या दिवसापासून तिनं गिळायचंच सोडलं होतं, आणि ते मला कळायला महिना जावा लागला.

का, ते ऐका. मी तुमच्यासारखंच करत होते. ताट झाकून न्यायची, खोलीत ठेवायची, दार ओढून घ्यायची आणि बाहेर उंबऱ्याशी राखण करत बसायची. आत कुणाला जाऊ देत नव्हते. तुमचा लेकसुद्धा एकदा आपली टोपी राहिलीय म्हणून दाराशी आला तर त्याला तसाच बोडका हाकलला. थोड्या वेळानं ती आतून म्हणायची, "झालं गं आई," आणि ताट चाटूनपुसून परत यायचं. लाडवाचा कण नाही, भाताचं शीत नाही. मी शेजारणीला ऐकवायचे, "माझी पोरगी खाण्यात वाघीण हाय." त्याच दिवसांत आपल्या मुऱ्हा म्हशीला काय झालं होतं कोण जाणे, तिचं दूध दाट व्हायला लागलं. डेअरीत फॅट चढी लागायची. तुमचा लेक कॉलर ताठ करून गल्लीत सांगत फिरायचा, "पेंड तीच, वैरण तीच, पर हात माझा हाय न्हवं म्हशीवरनं फिरणारा!"

म्हैस सुधारत होती आणि पोर वाळत होतं. आत्ती, ते चित्र अजून डोळ्यांपुढं आहे. दीड महिन्याचं लेकरू, गाल भरायचे ते आत चाललेले. लंगोट बदलायला घ्यावा तर कोरडा, ओला झालाच तर पिवळाधमक. छातीला लावलं की चार घोट ओढायचं आणि तोंड सोडून कुंई कुंई करायचं. मला वाटलं, दूध कमी पडतंय. दूध कमी म्हणजे खाणं वाढवा. मी एकाचे दोन लाडू केले. खिरीत तूप दुप्पट घातलं. शतावरी आणली, मेथीचे लाडू वेगळे वळले. कुणीतरी म्हणालं दृष्ट आहे, म्हणून दाराच्या फटीतसुद्धा फडकं कोंबलं. जितकं दूध कमी तितकं मी जास्त रांधायचे, आणि जितकं मी रांधायचे तितकी आमची म्हैस तुकतुकीत दिसायची. दोन्ही गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर होत्या. दोन्हींचा मेळ काही लागत नव्हता.

तो लागला एका दुपारी. कारखान्याचा भोंगा झाला, मी ताट आत ठेवून दार ओढलं, आणि गोठ्यातून म्हशीचं रेकणं सुरू झालं. मला आठवलं, ही रोज याच वेळी रेकते. पाणी संपलं असेल म्हणून बादली घेऊन मागच्या बाजूनं गोठ्यात गेले. तर म्हैस दावं ताणून भिंतीकडं मान वर करून उभी, आणि मागच्या खोलीची खिडकी बरोबर तिच्या गव्हाणीवर. तिचं नाक तुपानं चकाकतंय. कडबा सोडून काहीतरी चघळतेय, कडाकडा आवाज येतोय. गव्हाणीत हात घातला तर अर्धा डिंकाचा लाडू हाताला लागला, वर खोबऱ्याचा कीस तसाच. माझ्या हातानं किसलेला. मी वर बघतेय तोच खिडकीतून एक वाटी बाहेर आली आणि अळिवाची खीर सावकाश, न सांडता, गव्हाणीत ओतली गेली. म्हशीनं जीभ फिरवली. तिला सवय होती.

जेवणाच्या वेळी ते दार लोटायचं नसतं, हे माझ्या हाडात होतं. तरी लोटलं. लेक खिडकीशी उभी, हातात रिकामी वाटी. कंबरेला पट्टी इतकी आवळलेली की श्वास वरच्या वर चालला होता. चेहरा पांढराफटक.

"काय चाललंय गं हे?"

तिनं वाटी पदराआड केली.

"कवापासनं?"

"बारशापासनं."

"आन मग तू खातीस काय?"

"चहा पिते की. कोरा. सकाळी लिंबाचं पाणी. तू भाकरी आणलीस की त्यातली चतकोर." मग एकदम तिचा आवाज फुटला. "म्हैस म्हटली ती मला, आई! सगळ्यांत! मग म्हशीचं म्हशीला दिलं!"

माझ्या तोंडात त्या वेळी काय काय आलं होतं ते लिहायचं म्हटलं तर कागद जळेल. पण तेवढ्यात पोर जागं झालं आणि रडलं. रडणं कसलं ते, मांजराच्या पिल्लासारखं, जोरच नाही. ते ऐकलं आणि भांडण तिथंच टाकलं. बाहेर येऊन तुमच्या लेकाला हाक मारली, "रिक्षा आणा. आत्ताच्या आत्ता."

शाहूपुरीतल्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्या लेकीएवढ्याच. त्यांनी पोराला उघडं करून काट्यावर ठेवलं आणि आकडा दोनदा बघितला. मग लेकीला सगळं विचारून घेतलं. लेकीनं सांगितलं, म्हशीसकट. मला वाटलं बाई हसतील, पण हसल्या नाहीत. म्हणाल्या, "वजन कमी करायचंय ना तुला? करूया की. कोण नको म्हणतंय? पण आत्ता तू स्वतःच्या ताटातलं काढत नाहीस, हिच्या तोंडातलं काढतेस." लेक मान खाली घालून रडायला लागली. मला बरं वाटलं, म्हटलं बरी खडसावली. तर बाई माझ्याकडं वळल्या. "आणि आजी, दिवसाला किती तुपाचं खाणं होतं हे? आणि पाणी का तोडलंय तिचं?"

मी म्हटलं, "डॉक्टरीणबाई, याच खाण्यावर मी तीन पोरं वाढवली. अंगावर मांस दिसतंय काय माझ्या?"

"दिसत नाही. पण बाळंत झाल्यावर तुम्ही शेतात कधी गेलात?"

दुसऱ्या बाळंतपणात महिना भरला न भरला तोच तुम्ही माझ्या हातात खुरपं दिलं होतं. पोर बांधावर झोळीत, मी सरीत. डोक्यावर वैरणीचा भारा, दिवसभर वाकणं, संध्याकाळी दळण. ते लाडू माझ्या अंगाला चिकटायला थांबतच नव्हते. माझी लेक खाटेवर पडून होती, शेगडीचा शेक घेत. लाडू तुमचे, पण खुरपं कुठं होतं?

परतीच्या वाटेवर रिक्षात पोर माझ्या मांडीवर होतं, लेक दुसऱ्या बाजूला बघत होती, आणि मला मागची खोली आठवत होती. माझ्या वेळची. ताट पुढ्यात आहे, दार ओढलेलं आहे, खोलीत धुरीचा वास आहे, आणि तुम्ही आत आहात. दाराला पाठ लावून, माझ्याकडं तोंड करून, गुडघ्यावर हात ठेवून बसलेल्या. जगाला आत यायची बंदी होती, तुम्हाला नव्हती. एकदा मला मळमळत होतं, मी अर्धी भाकरी बाजूला सारली. तुम्ही म्हणाला, "सारतीस व्हय? ती काय तुझी हाय? पोराची हाय ती. उचल." शेवटचा घास जाईपर्यंत तुम्ही हलला नाहीत. मला तेव्हा तुमचा इतका राग आला होता की पाणी मागायला नको म्हणून मी ठसका तसाच दाबला. आत्ती, मी दार लक्षात ठेवलं आणि दाराच्या आत बसलेलं माणूस विसरले. तुमचा नियम मी पाळत होते, पण अर्धाच.

घरी आल्यावर पहिल्यांदा ती पट्टी कात्रीनं कापली. गाठ सुटेना, इतकी आवळलेली. मग पाट स्वयंपाकघरात मांडला, माझ्या समोर, हाताच्या अंतरावर. लेक म्हणाली, "आई, इथं?" मी म्हटलं, "हितंच. माझ्या फुड्यात." तेवढ्यात शेजारीण ताक मागायला आली आणि किंचाळलीच, "अवो, दृष्ट लागंल की पोरीला!" मी म्हटलं, "लागू दे. एवढं खाऊन म्हशीला न्हाय लागली, हिला कुठनं लागतीया?" लेकीला घास तोंडात असताना हसू फुटलं. बारशानंतर पहिल्यांदा हसली ती.

पण खरी धाकधूक पुढच्या आठवड्याची. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, मागेल तेव्हा पाजा, रात्रीही पाजा, दूध ओढलं जाईल तसं येईल, आठवड्यानं परत काट्यावर ठेवूया, वाढलं नाही तर वरचं काय द्यायचं ते बघू. लेकीला त्या 'वरच्या'ची धास्ती. ती म्हणायची, "आटलं असंल का गं आई माझं कायमचं?" मला ठाऊक नव्हतं. मी म्हणायचे, "पाणी पी." पाजायला बसली की तिच्या उजव्या हाताशी तांब्या भरून ठेवायचे. भाकरी, मूगमटकीची उसळ, पालेभाजी, ताक, उकडलेलं अंडं. लाडू दिवसाला एक, तोही सुपारीएवढा. बाकीच्या डब्याला मी कुलूप लावलं आणि किल्ली कंबरेला खोचली, कारण घरात तुमचा लेकही होता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोरानं पिता पिता तोंड सोडलं ते रडायला नाही, झोपायला. ओठांच्या कोपऱ्यातून दुधाचा ओघळ. लंगोट चिंब. मी तो लंगोट हातात धरून परसात उभी राहिले आणि तुमच्या लेकाला ओरडून सांगितलं, "भिजलाय बघा!" त्याला वाटलं म्हशीचा कडबा भिजला, तो गोठ्याकडं पळाला.

काट्यानं आठवड्यानं साक्ष दिली. डॉक्टरीणबाई हसल्या त्या दिवशी. मी दवाखान्यातून बाहेर पडले ती गव्हर्नरनं हार घातल्यासारखी. रिक्षावाल्यालासुद्धा सांगितलं. म्हैस तेवढी उतरली. फॅट पुन्हा पहिल्या जागी आली आणि तुमच्या लेकाच्या हाताचा गुण संपला.

दूध नीट सुरू झालं, पोर बाळसं धरू लागलं, तेव्हा बाईंनी लेकीच्या वजनाला हात घातला. त्यांचं सांगणं साधं होतं. उपाशी राहायचं नाही. शेजारच्या गल्लीत कुणीतरी डबा विकत होतं, पाण्यात कालवून प्यायची पावडर, ती तोंडाला लावायची नाही, गोळी नाही, काढा नाही. चालायचं, पहिल्यांदा थोडं, मग वाढवत. पोराला पाजून मग निघायचं, म्हणजे छाती जड नसते आणि पोरही मागत नाही. महिन्याला दोनेक किलो उतरलं तर पुष्कळ. पाजणंच अंगातलं काढत असतं, त्याला घाई करायची नाही. चक्कर आली, दूध कमी वाटलं, पोराचा काटा थांबला, तर तिथंच थांबायचं आणि दवाखान्यात यायचं. मी म्हटलं, "एवढंच?" त्या म्हणाल्या, "एवढंच. पण रोज."

मग आम्ही दोघी रोज संध्याकाळी कारखान्याच्या रस्त्यानं निघायला लागलो. बाळंतीण रस्त्यावर, डोक्याला फडकं बांधून, पायांत तिच्या भावाचे बूट. सगळा बावडा बघायचा. उसाच्या ट्रॅक्टरवरचा एकजण रोज वेग कमी करून वळून बघायचा. एक दिवस मी मध्येच उभी राहिले. "काय पावणं, बाळंतीण कवा बघितली न्हाय व्हय? का घरी जाऊन आईला विचारतासा?" त्यानं ट्रॅक्टर असा पळवला की मागून चार ऊस पडले. ते आम्ही उचलून आणले. लेक म्हणाली, "ऊस गोड असतो, आई, मला चालंल काय?" मी म्हटलं, "कांडकं चालंल. मोळी न्हाय." पहिल्या दिवसांत ती पुलापर्यंत जाऊन धापा टाकायची. पुढं पुढं मीच तिला म्हणायचे, हळू चाल, मी तुझ्याएवढी न्हाय.

सगळं असं सरळ गेलं नाही. नणंदेचं लग्न जवळ आलं तशी लेकीच्या डोळ्यांत पुन्हा तेच यायला लागलं. संध्याकाळची भाकरी नको म्हणायची. त्या महिन्यात काट्यावर उभी राहिली तर बरंच उतरलं होतं. ती खुशीत, बाई मात्र गंभीर. म्हणाल्या, जास्त उतरलंय, ताट वाढवा. घरी येईपर्यंत लेक फुगून बसली. "लग्नात मला सगळी बघणार हाईत, आई. तुला काय कळतंय?" मी तिला काही शिकवलं नाही. पोर तिच्या मांडीवर झोपलं होतं, चांगलं गुबगुबीत, हाताला वळ्या पडलेल्या. मी फक्त म्हटलं, "भाकरी झाकून ठेवलीय. टाकायची असंल तर गव्हाण कुठं हाय ते तुला म्हाईत हाय." आणि मी मोरीत भांडी घासायला बसले, पाठ करून. तुमच्यासारखं समोर बसले नाही. आत्ती, ती वेळ माझ्या जिवावर आली होती. एवढं सगळं सावरलेलं त्या एका भाकरीवर उभं होतं. बऱ्याच वेळानं पाटावर ताट ओढल्याचा आवाज आला, आणि मग भाकरी मोडल्याचा. मी मागं वळले नाही. भांडी मात्र दोनदा घासली.

लग्नात ती बारीक होऊन गेली नाही. निम्मी वाट झाली होती, निम्मी राहिली होती. दंडात पोलकं घट्टच होतं. पंगतीत बसली, पदराखाली पोर पाजत, एका हातानं जेवत. नवरी मुलगी पंगतीतून फिरत आली, हातात जिलेबीचं ताट, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वैनीस्नी जिलेबी नको गं बायांनो, आधीच…" पुढचं वाक्य तिनं हसण्यावर सोडलं. मी दोन पाट पलीकडं होते, उठायलाच निघाले होते. पण माझ्या लेकीनं मान वर केली आणि म्हणाली, "नवरीबाई, मी दोघांचं जेवतेया. तुमचं बोलून झालं की तेवढा मठ्ठेवाला हिकडं पाठवा." विहीणबाईंना ठसका लागला. पंगत हसली, आणि ह्या वेळी कुणाला हसली ते नवरीला कळलं. मी परत पाटावर टेकले आणि आयुष्यात पहिल्यांदा परक्याच्या लग्नात पोटभर जेवले.

नातीचा पहिला वाढदिवस आला तोवर उरलेलं वजनही गेलं, गाजावाजा न करता, कसं गेलं ते आमचं आम्हालाही कळलं नाही. दूध तोवर चालूच. पहिल्यासारखी काटकी ती झाली नाही, आणि मला ती तशी नकोच होती. चांगली भरीव, घट्ट, जिन्यावरून पोर काखेत घेऊन दोन दोन पायऱ्या चढणारी बाई झाली. तुमची पणती आता शाळेत जाते, जिभेनं माझ्यावर गेली आहे. आणि माझ्या लेकीचं बघून गल्लीतल्या चौघी-पाचजणी विचारायला येतात, काकी, तुमच्या पोरीनं काय घेतलं? मी म्हणते, भाकरी घेतली. त्यांना ते खोटं वाटतं. डब्यातलं काहीतरी लपवतेय असं वाटतं. आज आलेल्या तिघींतली एक जाता जाता सुनेच्या कानाशी लागून तेच विचारत होती. सून म्हणाली, "आत्तींना विचारा." आत्ती म्हणजे आता मी.

हा कागद कुठं टाकायचा प्रश्न नाही. टाकता आला असता तरी टाकला नसता. तुम्ही कुणाकडून तरी तो वाचून घेतला असता, मधेच थांबवून दोनदा वाचून घेतला असता, आणि मग पायात चप्पल न घालता तशाच भांडायला आला असता. ह्यात जिंकले मी, हे मला सगळ्यांपुढं म्हणायला आवडतं, आणि म्हणतेही. पण तुम्हाला म्हणून एक सांगते. त्या दुपारी तुम्ही घरात असता, नुसत्या पलीकडच्या खोलीत झोपलेल्या असता, तरी ते दार लोटायची माझी छाती झाली नसती.